तात्यांच्या गाडीचा तिसरा गिअर

करणी, बाहेरचं, झपाटणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. देवळाली प्रवरात माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. माझा विश्वास पक्क्या बिलावर आणि एक्सपायरी डेटवर. तरी हे लिहितेय, कारण विचारायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ सुधीर. गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा डावा पाय गेला — गुडघ्याच्या वरून. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. ताट तसंच परत यायचं. घरातली फवारणीची औषधं मी हलवली, एवढं सांगितलं तरी पुरे.

मग एकदा स्वतःहून बोलला, "तात्यांची गाडी चालू कर, अक्का. तिला डाव्या पायाचं काम न्हाई."

तात्या म्हणजे आमचे चुलते. त्यांची जुनी परदेशी ऑटोमॅटिक गाडी ते गेल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. सुधीर ड्रायव्हिंग शिकला तो हिच्यावरच. तात्या शेजारी बसायचे आणि गिअर बदलायची वेळ झाली की त्याच्या डाव्या गुडघ्यावर दोन टपल्या मारायचे — "ॲक्सिलेटर सोड जरा, आता ती बदलंल."

मी कामाला लागले. इंजिन चालू झालं, पण गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. नुसती बोंबलायची. गिअरचं ऑइल मी आधीच इंजिन बंद ठेवून तपासलं होतं, मापाची पट्टी खुणेपर्यंत भिजलेली होती. राहुरीचे मेकॅनिक बाबूभाई हसले. "ताई, ट्रॅक्टर हाय व्हय हा? हिचं ऑइल चालू इंजिनात बघत्यात." तसं बघितलं तर कमी निघालं. भरलं. तिसरा पडेना. गिअरच्या दांड्याची लिंकेज जुळवली, व्हॅक्युमचा रबरी पाइप बदलला... नाहीच. प्रत्येक ट्रायलला सुधीर खिडकीतून बघायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी बाबूभाईंनी गिअरबॉक्सच्या बाजूचा एक पत्र्याचा डबा काढला. लहानसाच, आतला पडदा फाटलेला. "कधी बदलायचं ते ह्यो सांगतो गिअरबॉक्सला. ह्यो न्हाई तर तिसरा न्हाई." भोकाला त्यांनी लाकडी गुटका ठोकला. "अंगनात हलवन्यापुरती चालंल. रस्त्यावर न्यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी अमावास्या. बाबूभाई अमावास्येला उघडलेल्या गाडीला हात लावत नाहीत. मला थांबवेना. डबा पर्समध्ये टाकला आणि एसटीने नगरला गेले. जुन्या पार्टची सगळी दुकानं पालथी घातली. तसा डबा कुणाकडेच नव्हता.

परत येताना राहुरी स्टँडवर उतरले, तर आईचा फोन.

"मंगल, सुधीर गाडी घिऊन गेला गं."

"कुठं?"

"बोलला न्हाई काय. कुबड्या हितंच टाकून गेलाय."

आमच्या घरून निघणारा रस्ता कालव्याच्या कडेने जातो. त्याचा फोन बंद. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "कालव्याकडं चल, काय लागेल ते घे," आणि रिक्षात चढायला लागले. तेवढ्यात स्टँडच्या फाटकातून तात्यांची गाडी आत आली.

"बस," सुधीर म्हणाला. शर्ट घामाने भिजलेला.

मी मागच्या सीटवर बसले. देवळालीच्या रस्त्याला लागल्यावर पहिला, दुसरा... आणि मग कसलाही झटका न देता इंजिनचा आवाज खाली आला. तिसरा.

माझा हात पर्सकडे गेला. डबा तिथेच होता. मी तो काढून पुढे धरला.

"सुध्या, हा इथं आहे. मग गाडी कशी चाललीय?"

त्याने एकदा डब्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "कालव्यावर गेल्तो, अक्का. दुसऱ्यातच बोंबलत हुती. वळनावर वळायचं न्हाई, असं ठरवलं हुतं."

मी डबा मांडीवर ठेवला.

"गुडघ्यावर टपली बसली. दोनदा... डाव्या. सवयीनं ॲक्सिलेटर सोडला, तर तिसरा पडला. मग वळलो."

तिसरा पडला म्हणून सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बाबूभाई गाडीखाली गेले. गुटका जागेवर, ऑइलचा थेंब सांडलेला नाही. "चेष्टा करता व्हय, ताई? कुनी ओढून आनली का?"

डॉक्टर म्हणतात, गेलेल्या पायाची जाणीव मेंदूत राहते, बऱ्याच जणांना असं होतं. मान्य. पण डबा माझ्या पर्समध्ये होता, कुणाच्या मेंदूत नव्हता.

पुढे पुण्याहून पार्ट मिळाला. आता सुधीर रोज गिऱ्हाइकांना बियाणं पोचवतो, दोन्ही वेळा जेवतो. तिसरा गिअर पडतो, पण थोडा झटका देऊन. बाबूभाईंना तो झटका अजून काढता आलेला नाही. त्या दिवसासारखा मऊ पुन्हा कधी पडला नाही.

का, ते मला माहीत नाही. सुधीर शेजारच्या सीटवर माल ठेवत नाही, कुणाला बसूही देत नाही. मी मागे बसते.