आबांसाठीचा वेगळा डबा

जालन्याला रेल्वेत बसवताना आबा म्हणाले होते, "तुला लेकरू होऊ दे, मंग येतो. तवर तुज्या घरचं पानी बी न्हाई घ्यायचं मला." लेकीच्या घरी असंच वागायची आमच्याकडे रीत. माझ्या गावाहून, लिंबागणेशहून निघाल्यापासून बैलगाडीत मी जेवढी रडले नव्हते, तेवढी त्या बोलण्यावर रडले. दूर दिलेल्या लेकींनो, तुम्हाला हे समजावून सांगायला नको.

हैदराबादेत आमच्या ह्यांची कचेरीत नोकरी. छावणीतल्या साहेबांचं पाहून हे घरी रमचं बर्फाळ सरबत करायला शिकले. बादलीत फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, मधे टिनाचा डबा, डब्यात लिंबू, साखर, पुदिना आणि रम. रम जास्त पडली तर गोठायचं नाही, म्हणून मोजून ओतायचे हे, आणि डबा फिरवत बसायची मी. मनगटं बधिर व्हायची. मित्रांपुढे मिरवायला मात्र हेच.

लेक झाली आणि आबा खरंच आले. मी त्यांच्यासाठी नुसत्या लिंबाचा वेगळा डबा गोठवला. ह्यांनी मित्रांदेखत मुद्दाम दुसऱ्या, रमच्या डब्यातलं वाढलं. गावच्या शिंदीचा वास आबांना लांबून कळायचा. रमचा कसा कळावा? "लई गार हाय गं माय, आजून घाल," ते आत बघून म्हणाले. मित्र हसले, आणि ह्यांनी सांगून टाकलं.

आबा माळकरी. त्यांनी गळ्यातली माळ काढून खिशात ठेवली आणि तसेच स्टेशनाकडे चालू लागले. मी पोरीला घेऊन दाराआड उभी होते. नातीला मांडीवर घ्यायचंही राहून गेलं.

पुढे सणाला मला न्यायला भाऊ कधी आला नाही. हे अजून म्हणतात, गंमत केली होती. आग लागो असल्या गमतीला!

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी न बोलावता गेले. आई हळूच म्हणाली, "तापात तुज्या घरचं ते गार मागत व्हते. सारखं तेच."

"मंग मला कावून न्हाई कळवलं?"

"भावकीला काय सांगावं? माळकरी मानूस दारू मागतोय म्हून?"

ह्यांच्याइतकाच त्या दिवशी मला माझ्या माणसांचा राग आला. अजूनही येतो. तरी इथे कुणी घर कुठलं विचारलं की मी लिंबागणेशच सांगते. बाप माझ्या हातचं मागत असताना ज्यांनी मला बोलावलं नाही, तेच माझं घर.