दोन वाजता सुट्टी

आमच्या लॅबमध्ये शेड न जुळलेले कापडाचे तुकडे कोणी फेकत नाही. एका ड्रॉवरमध्ये कोंबतात. मग एक दिवस ड्रॉवर उघडतच नाही! भूषणचे किस्से तसेच झालेत. म्हटलं, काढून टाकू थोडे.

भूषण आणि मी सुरतेत, पांडेसऱ्याच्या एकाच कापड मिलमध्ये. मी लॅबला, तो डाईंगला, म्हणजे कापड रंगवायला. बारा तासांची शिफ्ट. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाईलवर सर्फिंगचा व्हिडिओ पाहिला आणि डबा तसाच बंद केला. म्हणाला, "आपल्याला फॉरेनला असा जॉब पाहिजे, की काम संपल्यावर हे करता येईल."

मी म्हटलं, "आपलं काम संपतं कधी?"

तो म्हणाला, "म्हणून तर फॉरेन!"

* * *

आधी प्रॅक्टिस. बमरोलीच्या फर्निचरवाल्याकडून प्लायची फळी कापून घेतली, बाइकवर आडवी धरून डुमसच्या बीचवर गेलो. मी मागे बसून फळी धरलेली. अख्ख्या रस्त्यात आम्ही ट्रकएवढे रुंद!

तिथे ओहोटी. समुद्र लांब गेलेला, नुसता काळा चिखल. भूषण म्हणाला, "आलोय तर पोझिशन घेतो." फळीवर पालथा झोपला, हात मारायला लागला. फळी जागची हलेना. लोक जमले.

उंटवाला बराच वेळ बघत होता. शेवटी वाकून गुजरातीत म्हणाला, "भाई, पाणी तो सांजे आवशे!"

* * *

मग एजंट. त्याच्याकडे तीन जॉब होते. एक बारा तासांचा, दुसरा पण बारा तासांचा, तिसरा चौदाचा, पण जेवण फ्री.

भूषणने विचारलं, "समुद्र आहे का जवळ?"

"आहे ना! खिडकीतून दिसतो."

"रूमच्या?"

"नाही, मॅनेजरच्या."

* * *

घरी सांगायची हिंमत त्याला नव्हती, म्हणून मी सांगितलं. त्याचे आप्पा धुळ्याकडचे, मिलमध्येच कापड रंगवायच्या जेट मशीनवर आयुष्य गेलं. पायाची बोटं कायम पांढरी, सुरकुतलेली. मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला, चष्मा काढला.

"तीस वरीस व्हयनात, पानीमाच हुभा शे मी. मना कोनी व्हिडिओ काढा का?"

मी चहा न पिताच निघालो.

* * *

तरी भूषण अर्ज टाकत राहिला. आणि पोर्तुगालच्या एका डाईंग कंपनीने खरंच मुलाखत घेतली! व्हिडिओ कॉलवर एक मॅडम. सकाळी सहा ते दुपारी दोन, आठवड्यातून पाच दिवस, समुद्र सायकलवर दहा मिनिटं.

भूषणने नीट ऐकून घेतलं. मग अदबीने विचारलं, "दोन वाजता जेवून परत यायचं ना?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. घरी जायचं."

कॉल संपला तरी तो स्क्रीनसमोर बसून होता. मला म्हणाला, "घरी जायचं, असं म्हणाली रे."

* * *

आता एकच अडचण राहिली. त्यांना सध्याच्या साहेबांशी फोनवर बोलायचं होतं. आमचे डाईंग मास्टर भूषणला सोडतील? लग्नाला सोडत नाहीत! मग ठरलं, मास्टर मी.

आवाज जाड केला. भूषण बाजूला बसलेला. मॅडमनी विचारलं, "माणूस कसा आहे?"

मी जीव तोडून कौतुक केलं. "एक नंबर! सुट्टी मागत नाही. ताप असला तरी येतो. घरी जा म्हटलं तरी जात नाही." भूषणने कानात सांगितलं, "बहिणीची हळद सांग!" तेही सांगितलं. हळदीच्या दिवशी डबल शिफ्ट केली होती त्याने. तो अंगठा वर करून बसलेला.

मॅडम म्हणाल्या, "कामाशिवाय याला काय आवडतं?"

मी म्हटलं, "काहीच नाही मॅडम! गॅरंटी!"

चार दिवसांनी मेल आली. जागा दुसऱ्याला दिली. तुमच्या साहेबांचं बोलणं ऐकून आम्हाला तुमच्या तब्येतीची काळजी वाटते, कृपया विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना भेटा. खाली मॅडमची सही.

भूषणला खरं वाटेना. त्याने मिलच्या ऑफिसात प्रिंट काढली, आणि प्रिंटरवरून ती आधी मास्टरच्या हातात पडली. मास्टरना इंग्रजी येत नाही. पण वर परदेशी कंपनीचा लोगो, त्याला लागूनच भूषणचं नाव.

"क्या लिखा है रे?"

भूषणचा चेहरा रंग न चढलेल्या ग्रे कापडासारखा. म्हणाला, "लिखा है, ये आदमी बहुत काम करता है."

मास्टरचे डोळे भरून आले. त्यांनी ती मेल लॅमिनेट केली, हजेरीच्या पंचिंग मशीनच्या वर लावली आणि खाली स्वतःच्या हाताने मार्करने लिहिलं:

"सब लोग ऐसा बनो."