क्लचचा दांडा

परभणीत मी हायस्कुलात मास्तर होतो, आणि मास्तराला सुट्टीत सुधारायला काही मिळालं नाही तर करमत नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या तावडीत वडिलांची जीप सापडली.

जीप महायुद्धातली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. आबा फौजेत ड्रायव्हर होते. गावी परतल्यावर त्यांनी लिलावात ही घेतली. पुढे विहिरीत पडून त्यांचा डावा गुडघा कायमचा ताठला, तेव्हा गावच्या लोहारानं क्लचला एक लांब दांडा जोडून दिला. डाव्या हातानं दांडा ओढायचा, उजव्यानं गिअर टाकायचा आणि तेवढ्यापुरतं स्टिअरिंग पोटानं धरायचं. अशा रीतीनं आबा दरवर्षी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जात. देवाच्या कृपेनं पोचतो, असं माय म्हणायची, आणि शेजारी तीच बसत असल्यानं तिच्या शब्दाला वजन होतं.

बाकी गाडीत ट्रॅक्टरचा दिवा, डिझेलचं इंजिन आणि कापसासाठी ठोकलेल्या फळ्या होत्या. औरंगाबादला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथले एक जाणकार आमच्या गावी येऊन नाकाला रुमाल लावून जीपभोवती फिरले आणि म्हणाले, "मूळ गाडी पार बाटवलीय हो तुम्ही!" मला माझ्या घराण्याची लाज वाटली. त्यांनी मला जीपचं मूळ पुस्तक दिलं आणि मी कामाला लागलो.

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून सारा मराठवाडा भांडत होता. जुनं ते बदलायचंच नाही म्हणणाऱ्यांना मी पारावर यथेच्छ हसायचो. घरी येऊन मात्र जुनाच स्क्रू पाहिजे म्हणून मेकॅनिकच्या उरावर बसायचो. मूळ बॉनेट चारठाण्याच्या एका गोठ्यात सापडलं. म्हैस त्यात सरकी खात होती. आम्ही तिचं ताट काढून घेतलं.

शेवटी दांड्याची पाळी आली. आबा बाजेवर बसून बघत होते.

"तेवढा ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले.

"आबा, पुस्तकात नाही तो."

फौजी माणूस पुस्तकापुढे बोलत नाही. दांडा कापून मी लोहाराला देऊन टाकला.

जीप ट्रकवर चढवून औरंगाबादला नेली, कारण मला गाडी चालवता येत नव्हती. एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. कप मिळाला. 'संपूर्ण मूळ स्वरूपात' असं लिहिलेला कागदही मिळाला.

पोखर्णीला जायचा दिवस आला. आबा धुतलेलं धोतर नेसून, पिशवीत नारळ घेऊन जीपमध्ये बसले. गिअरवर उजवा हात ठेवला. डावा हात सवयीनं बाजूला गेला आणि तिथल्या मोकळ्या हवेत चाचपडत राहिला. मग ताठ पाय दोनदा पेडलकडे ढकलून पाहिला.

"गाडी वरिजनल झाली," ते म्हणाले. "आता मी पाय कुठून आणू वरिजनल?"

ते उतरले आणि मायला घेऊन एसटीनं गेले. पायरीवर कंडक्टरनं त्यांना काखेत हात घालून वर ओढलं. ज्यानं गाडीत चढताना कधी कुणाचा हात धरला नाही, तो माणूस. मला तिथंच रडू फुटलं.

तसाच लोहाराकडे गेलो आणि दांडा परत मागितला.

"त्याचे इळे झाले की, मास्तर. कवाच बाजारात गेले. दुसरा करतो."

"दुसरा नको. तोच पाहिजे, जुना."

लोहार हसला. "आबाला गाडी हाकायची हाय. जुन्याचं येड तुमालाच लय."

दुसरा दांडा बसला. वेल्डिंगनं नवा हिरवा रंग हातभर करपला. पुढच्या शनिवारी आबा पुन्हा नारळ घेऊन आले, माय शेजारी बसली, मी मागे. दांड्यावर हात ठेवून आबा थांबले.

"ह्यो पुस्तकात हाय का?"

मी पुस्तक काढलं, क्लचच्या पानावर पेन्सिलीनं दांडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. आबांनी चष्मा लावून तो नीट तपासला.

"वाईच आखूड काढलास," ते म्हणाले, आणि गाडी चालू केली.