कालचं पाणी, आजचा झेंडा

कल्पना करा, सकाळ नुकतीच उजाडली आहे आणि तुम्ही मांडीएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे आहात. हातात एक रिकामी बाटली आहे. काम एवढंच, की ती भरायची. पण चालत येताना तुमच्याच पायांनी तळाची वाळू उठवली आहे. ती खाली बसेपर्यंत हलायचं नाही. बाटली बुडाशी धरायची. झाकण उघडायचं, पण आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. बाटली उपडी करून कोपर बुडेल इतकी खाली न्यायची, पाणी जिकडून येतंय तिकडे तिचं तोंड वळवायचं, भरली की वर आणून घट्ट बंद करायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. हे सगळं करताना एक मोह मात्र आवरायचा, बाटली आधी विसळून घेण्याचा.

जन्मभर भांडी विसळलेल्या हाताला हा मोह होतोच. आमच्यासाठी पाण्याचे नमुने भरणाऱ्या ताईंनी तर पहिल्या दिवशी कमालच केली होती. प्रयोगशाळेने दिलेल्या बाटल्या त्यांनी घरी नेल्या, साबणाने घासल्या, स्वच्छ फडक्याने पुसल्या आणि मग भरून आणल्या. मी तेव्हा प्रयोगशाळेत नवीनच लागले होते. मी कपाळाला हात लावला. आम्ही त्या बाटल्या आतून पूर्ण निर्जंतुक करूनच पाठवतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे मी स्वच्छ केल्या म्हणून त्या घाण झाल्या?" ताई म्हणाल्या.

"हो ताई, तसंच म्हणायचं."

"हे सासूबाईंपर्यंत जाऊ देऊ नकोस, पोरी. त्या लग्नापासून हेच म्हणतायत."

ताईंचं काम समुद्रालगतच्या तळ्यावर आहे. वाळूच्या लांबट बांधामागे समुद्राचं पाणी अडून ते तळं झालंय. एका टोकाला त्याचं तोंड आहे; तिथून भरतीला समुद्र आत येतो आणि ओहोटीला बाहेर जातो. सुट्ट्या लागल्या की लांबून लांबून लोक पोहायला येतात. ताई रोज सकाळी ठरलेल्या जागांवरून पाणी भरतात, मी ते तपासते आणि आमच्या निकालावरून तळ्याकाठच्या खांबांवर ताई झेंडे चढवतात. हिरवा म्हणजे खुशाल उतरा. लाल म्हणजे पाय भिजवायचे नाहीत. मी त्याच तळ्यात पोहायला शिकले. हिरवा झेंडा पाहून उड्या मारायचे, पण तो तिथे कुणी आणि कशाच्या भरवशावर लावला, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

ताई त्यांच्या सासूबाईंसोबत राहतात. खाली नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, मध्ये उभा जिना. सासूबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एक अख्खा हिवाळा त्या वरून खाली उतरल्याच नव्हत्या. खिडकीत बसून दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांवर शेरे मारणं एवढाच विरंगुळा. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, पाणी वजन उचलून धरतं. तेव्हापासून ताई नमुने भरायला निघाल्या, की सासूबाई टोपी घालून त्यांच्या सायकलला मागे जोडलेल्या गाडीत बसलेल्या असायच्या.

"आमच्या घरातला हा नमुना," त्या सुनेकडे बोट दाखवून सांगायच्या, "आणि निघालाय नमुने गोळा करायला!"

तळ्याच्या आतल्या अंगाला एक उथळ कोपरा आहे. तिथे तळ सपाट आहे, पाण्याला ओढ नाही, आणि लहान मुलांसाठी तरंगत्या चेंडूंची दोरी बांधलेली आहे. सासूबाई ती दोरी धरून चालायच्या. जमिनीवर काठीवाचून दोन पावलं न टाकणारी बाई पाण्यात उतरली, की माहेरी आलेल्या मुलीसारखी वागायची. हळूहळू फरक पडला. एके दिवशी त्या जिना एकट्या उतरल्या आणि दुकानात जाऊन मुलाला म्हणाल्या, "ते हँडल वाकडं लावलंयस." ताई सांगतात, त्या दिवशी वाकडं हँडल बघून त्यांना रडू आलं.

त्या वर्षी सुट्ट्या सुरू झाल्या आणि तळ्यावर झुंबड उडाली. नमुना आला, की मी ते पाणी बारीक गाळणीतून गाळते, गाळणी जंतूंसाठी खाद्य घातलेल्या बशीत ठेवते आणि बशी उबेच्या पेटीत. माणसाच्या किंवा जनावराच्या पोटातले जंतू पाण्यात असतील, तर एका दिवसात बशीवर त्यांचे ठिपके उगवतात. एका सकाळी मी पेटी उघडली. बाकीच्या बशा ठीक होत्या. त्या उथळ कोपऱ्यातल्या पाण्याच्या बशीवर मात्र ठिपके मोजायला जागाच नव्हती.

मी ताईंना फोन केला.

त्या म्हणाल्या, "हे पाणी मी काल भरलं. काल तिथे हिरवा झेंडा होता. मीच लावलेला. आणि सासूबाई त्याच पाण्यात चालत होत्या."

सुदैवाने कुणाला काही झालं नाही. पण कोपऱ्यावर लाल झेंडा चढला. दुसऱ्या दिवशीची बशीही तशीच निघाली. पायऱ्यांवर बसलेल्या सासूबाईंनी झेंडा बघितला, टोपी काढली आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बघा, माझ्या सुनेनं माझं पाणी तोडलं."

पहिला संशय ताईंनी बदकांवर घेतला. कोपऱ्याजवळच्या गवतात बदकांचं एक कुटुंब राहायचं. ताई छत्री घेऊन त्यांच्या मागे धावल्या. बदकं शांतपणे पाण्यात उतरायची, ताई काठावरून ओरडायच्या आणि तळ्याचा जीवरक्षक, ज्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात, तो उंच खुर्चीवरून विचारायचा, "ताई, यांना पण लाल झेंडा दाखवू का?" शेवटी बदकं खरोखरच पलीकडच्या काठाला राहायला गेली. कोपऱ्याची बशी तरीही भरलेलीच.

"आता त्या बिचाऱ्यांची माफी माग," सासूबाई म्हणाल्या.

थट्टा चालू होती, पण घरात वेगळंच चाललं होतं. चालणं बंद झालं तसे सासूबाईंचे गुडघे पुन्हा आखडायला लागले. जिना उतरताना त्या भिंत धरायला लागल्या. मग एके दिवशी मधल्या पायरीवर बसल्या आणि मुलाला हाक मारावी लागली. ताईंना तो हिवाळा आठवला. मला त्यांनी नंतर सांगितलं, "पोरी, मनात पाप आलं होतं. चार पावलं दोरीच्या बाहेर जाऊन बाटली भरली असती, तर तुझी बशी चांगली आली असती. कुणाला कळलं असतं?"

"मग?"

"मग काय! त्याच पाण्यात त्यांना उतरवायचं होतं ना?"

पण माणसाला चालायचंच असेल, तर तो कुठेतरी चालतोच. लाल झेंडा फक्त कोपऱ्यावर होता. एका सकाळी ताई बाटल्या भरत असताना सासूबाई काठी टेकत टेकत तळ्याच्या तोंडाकडे गेल्या. तिथलं पाणी काचेसारखं स्वच्छ, कारण ते दर भरती-ओहोटीला बदलतं. पण ओहोटी लागली, की तिथे जबरदस्त ओढ असते. वरून पाणी शांत दिसतं, खालून पाय काढून नेतं. सासूबाई कमरेएवढ्या पाण्यात गेल्या, काठी सुटली आणि समुद्राकडे निघाली.

शिट्टी वाजली. ताईंनी मान वर केली तेव्हा शिट्टी खुर्चीवरून उडी मारून धावत होता आणि सासूबाईंची टोपी समुद्राकडे सरकत होती. टोपीखाली सासूबाई होत्या. तो आडवा पोहत गेला, त्यांना पाठीवर घेतलं आणि ओढीशी भांडत न बसता कडेकडेने वाळूवर आणलं.

"आजी, तिकडचं पाणी हात धरून नेतं, किती वेळा सांगितलं?" तो धापा टाकत म्हणाला.

"अरे, या वयात कुणी हात धरत असेल तर नाही कशाला म्हणू?" सासूबाई म्हणाल्या. पण त्याचा हात त्यांनी सोडला नाही. ताईंनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं. बर्फाच्या पेटीचं झाकण उघडंच राहिलं होतं. त्या दिवशी प्रयोगशाळेत नमुने आलेच नाहीत. आल्या त्या ताई स्वतः.

"मी एक धोका बंद केला आणि त्यांना दुसऱ्यात ढकललं," त्या म्हणाल्या. "नुसता लाल झेंडा लावून भागायचं नाही. घाण येते कुठून, ते शोध. मी काय करू ते सांग."

मी पुस्तकातून शिकलेला एक उपाय सांगितला. काठाजवळ कपडे बदलण्याच्या खोल्या आणि त्यांना लागून नवे संडास होते. ते याच सुट्ट्यांपासून वापरात आले होते. त्यात रंग ओतायचा आणि तो कुठे निघतो ते बघायचं. खरं सांगायचं तर मी हे आधी कधी केलं नव्हतं. संडासाचं पाणी वेगळ्या नळाने दूर जातं, असं नकाशात होतं, आणि नकाशावर माझा विश्वासही होता.

दुसऱ्या दिवशी नळवाले काका आले. ते संडास त्यांनीच बसवले होते. "माझं काम बघायला रंग कशाला हवा?" ते हसत म्हणाले, पण बादली त्यांनीच उचलली. सासूबाईंनाही आणलं होतं. घरी एकट्या ठेवायची ताईंची हिंमत नव्हती. कोपऱ्यासमोर खुर्ची टाकून त्यांना बसवलं आणि नजर ठेवायचं काम दिलं.

एकेका संडासात काका गडद हिरवा रंग ओतत होते आणि पाणी सोडत होते. काहीच होईना.

"काही दिसतंय का, आई?" ताई ओरडायच्या.

"बदकं दिसतायत! परत आलीत. तुझी चौकशी करतायत."

काकांनी शेवटच्या संडासात बादली रिकामी केली. आम्ही थांबलो. आणि मग सासूबाई काठीवाचून, कशाचाही आधार न घेता, खुर्चीतून उभ्या राहिल्या.

"हिरवं! अगं, हिरवं आलं!"

काठाच्या दगडांखाली पावसाचं पाणी जाण्याची एक जुनी नळी होती. तिच्यातून हिरवा रंग हळूहळू कोपऱ्यात पसरत होता. मुलांच्या दोरीखालून, थेट सासूबाईंच्या वाटेवर.

काकांनी खोल्यांमागचं लोखंडी झाकण उचललं आणि आत वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत. आत दोन नळ होते, एकाच रंगाचे, शेजारी शेजारी. एक दूर जाणारा, दुसरा पावसाचा. सुट्ट्यांच्या आधी घाईघाईत शेवटचा संडास चुकीच्या नळाला जोडला गेला होता. ते सहज म्हणू शकले असते, की जुना नळ फुटलाय, सगळं खणावं लागेल. आमच्यापैकी कुणालाही त्यातलं ओ की ठो कळलं नसतं.

काका वर आले. हात पुसले. म्हणाले, "हा जोड माझा आहे. मीच चुकलो."

मग सासूबाई म्हणाल्या, "जोडलंस तू, तर तोडशीलही तूच. आधी चहा घे."

त्याच संध्याकाळी जोड बदलला. मग भरत्या येत राहिल्या, ओहोट्या जात राहिल्या. कोपऱ्यातलं पाणी सावकाश बदलतं; ओढ नाही, म्हणूनच तर ते चालायला सुरक्षित. बशीवरचे ठिपके विरळ झाले, मग इतके कमी झाले, की बोटांवर मोजता येतील. लागोपाठ दोन बशा चांगल्या निघाल्यावर मी फोन केला. ताई पलीकडून एवढंच म्हणाल्या, "देव तुझं भलं करो," आणि फोन न ठेवताच जिन्याकडे ओरडल्या, "आई, टोपी घाला!"

त्या सकाळी मी मुद्दाम तळ्यावर गेले. सासूबाई काठाशी उभ्या होत्या. त्यांनी खांबावरच्या हिरव्या झेंड्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "तू लावलायस ना? मग उतरते." पहिलं पाऊल जड पडलं. दोरी हातात आली तशी दुसरं थोडं हलकं पडलं.

आता त्या पुन्हा जिना उतरतात, भिंतीला एक हात लावून. नळवाले काका दिसले, की ताई सायकल थांबवून बोलतात. काकांना संकोच वाटतो. चुकीबद्दल कुणी आभार मानतं का? ताई म्हणतात, "चुकीबद्दल नाही हो, बोललात त्याबद्दल. तुम्ही गप्प बसला असतात, तर माझ्या सासूबाई आज खिडकीत असत्या." शिट्टीला सासूबाईंनी स्वतः विणलेली टोपी दिली आहे. ती त्याला लहान होते, तरी तो घालतो. आणि मला रोज सकाळी बर्फाच्या पेटीबरोबर काहीतरी मिळतं. कधी बागेतला पेरू, कधी नुसतं "जेवतेस ना वेळेवर?"

पण पेटी माझ्या हातात देताना ताई एक प्रश्न अजून विचारतात. तो निकालाच्या उशिराबद्दल असतो. त्याच रात्री निकाल देणारी नवी यंत्रं निघाली आहेत, असं मी वाचलंय. त्यांना ते सांगितलं, तर म्हणाल्या, "रात्र म्हणजेही उशीरच की." मग त्यांनी तळ्याच्या दिशेने बघितलं. तिथे त्या वेळी सासूबाई दोरी धरून चालत होत्या.

"मी हे भरलं तिथलं पाणी दुपारच्या ओहोटीपासून हळूहळू समुद्रात जाणार. ते चांगलं होतं की वाईट, ते तू मला उद्या सांगणार. मग सांग पोरी, आत्ता या क्षणी त्या ज्या पाण्यात उभ्या आहेत ना, ते कसं आहे?"