सोनईहून निघालेली ओटी

सोनईच्या पेठेत पुष्पावतीबाईंचा हात लागला नाही असं बाळंतिणीचं घर सापडायचं नाही. शेक-शेगडी असो की बाळाची टाळू भरणं असो, बाई उंबऱ्यात आल्या की घरातली निम्मी काळजी चपलांपाशीच थांबायची. आणि अशा बाईची स्वतःची लेक, निकिता, गरोदर राहिली ती कुठं? दक्षिण अमेरिकेत, चिली देशात, सँटियागो शहरात!

आईनं बाळंतपणाला यायचं ठरलं. मग रोज संध्याकाळी पुष्पावती फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि तिकडून निकिता शिकवणी घ्यायची.

"आई, इकडं जुलैत कडाक्याची थंडी. स्वेटर हातातल्या पिशवीत ठेव. आणि भेटल्यावर लोक गालाला गाल लावतात. ह्यांचे साहेबसुद्धा लावतील. दचकू नकोस."

"अगं बया! मी न्हाई त्यातली."

"रात्री बरेच जण चहा-पावावर भागवतात, भाकरी कुणी विचारणार नाही. मेट्रोत पर्स पोटाशी धर. आणि कुणी काही हातात दिलं की 'ग्रासियास' म्हणायचं. म्हण बघू."

"गरासियास."

"शाब्बास! आता नीट ऐक. बी-बियाणं, तूप, फळं, काही आणू नकोस. आपली कीड त्यांच्या शेतीला लागेल म्हणून विमानतळावर काढून घेतात. आणि लपवायचं तर मुळीच नाही. विचारलं की दाखवायचं."

हळिवाची पुरचुंडी, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, कढवलेलं तूप, एकेक जिन्नस बॅगेतून परत फळीवर गेला. बॅग हलकी झाली तशी बाईच हलकी झाल्यासारखी दिसू लागली.

"मग मी यिऊन करू काय गं? तुझ्या तोंडाकडं बघत बसू?"

"तू नुसती ये."

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी, निकिताचे बाबा बॅग चढवताहेत, आणि शेजारच्या बनुबाई आक्का आळीतल्या बायका घेऊन हजर! लेक सातव्या महिन्यात माहेरी येऊ शकली नव्हती. म्हणून तिची ओटी तिच्या नावानं आईच्या पदरात भरायची. गहू, नारळ, हळकुंडं, सुपारी, खारीक. वर हिरवा खण.

"आक्का, तिकडं न्हाई चालत म्हणं."

"ओटीला न्हाई म्हनतंय व्हय कुनी? काय बाई बोलती! जशीच्या तशी पोरीच्या पदरात घाल. मधी कुठं खाली टेकवू नको."

पुष्पावतीलाही ते पटलं. लाडू-तूप म्हणजे खाऊ. ओटी काय खाऊ असती? विचारलं तर दाखवू, समजावून सांगू.

दोन विमानं बदलली, पण खणात बांधलेली ओटी तिनं मांडीवरून हलू दिली नाही. पोटाशी धरायची पर्स पायाशी पडून राहिली.

सँटियागोला उतरल्यावर गणवेशातल्या एका तरुणीनं हातानंच विचारलं, काही आहे का? पुष्पावतीनं सांगितल्याप्रमाणं दाखवलं. तरुणीनं गाठोडं घेऊन स्टीलच्या टेबलावर ठेवलं. टेकलं ते!

गाठ सुटली. तरुणीनं चिमूटभर गहू बोटांत फिरवले आणि मान हलवली.

"लेकीची ओटी हाय, बाई," पुष्पावती म्हणाली. स्वतःच्या पोटावर हात ठेवला, हातानं गोलाई दाखवली. "नववा लागलाय तिला. तेवढी तिच्या पदरात पडू द्या. मग घ्या काढून सगळी."

तरुणीला निदान ते पोट तरी कळलं असावं. तिचा हात क्षणभर थबकला. मग तिनं टेबलाखालचा डबा पुढं ओढला. अख्ख्या सोनईत जिच्या शब्दावर बाळंतिणी उठत-बसत, त्या बाईजवळ इथं शब्दच नव्हता. गहू सळसळत गेले. नारळ दणकन वाजला.

मग तरुणीनं रिकामा खण झटकला, हळुवार घडी घातली आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

कुणी काही दिलं की म्हणायचं. पुष्पावतीनं खण घेतला.

"गरासियास," ती म्हणाली.

बाहेर निकिता पोट सावरत उभी होती. आईला मिठी मारून तिनं हसत गळ्यातली शाल पदरासारखी पसरली. "बाबांनी फोनवर सांगितलं मला. आक्कांनी ओटी पाठवलीय ना?"

पुष्पावतीनं घडी केलेला खण त्या शालीत ठेवला.

"थंडी लई हाय गं," ती म्हणाली आणि पदर नाकाला लावला.