मायनं खोदलेल्या तळ्यापर्यंत

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या मायनं येरमाळ्याजवळच्या पाझर तलावावर माती वाहिली. पाऊस पडायच्या आतच काम संपलं, आम्ही उस्मानाबादला आलो, आणि त्या तळ्यात साठलेलं पाणी तिनं कधी बघितलंच नाही. दहाएक वर्षांनी मला दूध संघात नोकरी लागली, जुनी फटफटी आली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी म्हटलं, "माय, चल, तुझं तळं बघून येऊ."

"माझं कुठलं रं? सरकारचं हाय." पण पहाटे उठून तिनं धपाटे थापले.

येडशीपर्यंत दोन्ही बाजूंना बालाघाटचे बोडके माथे. तिथून आत वळून रामलिंगच्या दरीत पायी उतरलो. वर कुसळं आणि खाली गच्च सावली! माकडं मात्र लई धीट. पिशवी छातीशी धरा. आमचा एक धपाटा गेलाच. माय इतकी हसली, की पायरीवर बसली.

पुढं सपाट काळं रान, गुडघाभर ज्वारी. येरमाळ्यात चहा घेतला. दिवसभराचा खर्च म्हणाल तर तो चहा आणि पेट्रोल, एवढाच. गाडीवाट संपल्यावर बांधाबांधानं अर्धा तास चालायचं. जाडजूड चप्पल हवी, काटे फार.

चालताना माय अचानक बोलू लागली. कामावर पाणी द्यायला पारूबाई होती. आमचं बौद्ध घर, म्हणून ती मायच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. एकदा तहानेनं कासावीस होऊन मायनं रांजणाला हात लावला, तर पारूबाईनं सगळा रांजण मातीत ओतून दिला. तसल्या दुष्काळात!

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

तळं काठोकाठ भरलं होतं. माय भरावावर उभी राहून नुसती बघत होती. तेवढ्यात खालच्या शेतातून एक म्हातारी वर आली.

"कौसा न्हवं का तू?"

पारूबाईच होती. मायनं मान हलवली. म्हातारी विहिरीवर गेली, तांब्या भरून घेऊन आली. मायनं सवयीनं ओंजळ पुढं केली.

"ओंजळ नगं, कौसा. तांब्या धर."

माय तोंड लावून सावकाश पाणी प्यायली. मग म्हणाली, "रांजण आठवतोय का तुमाला?"

"रोज आठवतोय."

मायनं उरलेल्या धपाट्यांचं फडकं सोडलं, एक धपाटा तिच्यापुढं धरला. पारूबाईनं तो घेतला आणि तिथंच बसून खाल्ला. मी लांब उभा होतो. माझा धपाटा मी खाल्ला नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "माफ केलंस तिला?"

"तसं न्हाय सांगता यायचं," माय म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

रस्ते आता रुंद झालेत. दिवाळीनंतर गेलात तर तळी भरलेली असतात, ऊन सोसतं. माझा राग काही पुरता गेलेला नाही. पण त्या फेरीच्या पुढच्या वर्षी माय मला न सांगता एकटीच एसटीनं येरमाळ्याला गेली, आणि पारूबाईकडं दोन दिवस राहून आली.