अक्कांचं ‘स्वल्प’

डोळे मिटून अक्का लोखंडावर अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, “इथं स्वल्प आहे.” आम्ही वाकून वाकून बघायचो. दिसायचं काय, तर डोंबल!

चामराजपेटेतल्या आमच्या शाळेत नववी-दहावीला इंजिनिअरिंगचा विषय होता. वर्कशॉप अक्का शिकवायच्या. मूळच्या निपाणीकडच्या. ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मी पुण्याहून नुकतीच कन्नड मुलखात आलेली; त्यांचं मराठी कानावर पडलं आणि मी त्यांना चिकटलेच.

‘स्वल्प’ म्हणजे थोडंसं, एवढं कन्नड मी ऑटोवाल्यांकडून शिकले होते. आता ऑटोवाल्याचं स्वल्प दूर किती दूर असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे अक्कांनी पहिल्यांदा “स्वल्प घास” म्हटल्यावर मी तासभर कानस मारत बसले आणि लोखंडाच्या चौकोनी तुकड्याची पार वाट लावली.

त्या रागावल्या नाहीत. दुसरा तुकडा घेऊन त्यांनी माझा अंगठा त्यावर फिरवला आणि एका जागी थांबवला. “हे ऑटोवाल्याचं स्वल्प न्हवं, बाळ. केसाहून बारीक असतंय हे.” मला तर तुकडा सपाटच लागला. मग त्यांनी त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तुकडा खिडकीकडे धरला. अंगठा थांबवला होता त्याच जागी उंचवटा होता आणि शेजारून उजेडाची रेघ येत होती. माझ्या अंगावर काटा आला. असली बोटं मी आजवर दुसरी पाहिलेली नाहीत.

दीड वर्ष मी डोळे मिटून अंगठा फिरवत होते. दहावीच्या प्रॅक्टिकलला अक्कांना आत यायची परवानगी नव्हती. मी तुकडा घासला, मोजला, माप बरोबर आलं. तरी अंगठ्याला कोपऱ्यात काहीतरी लागलं. मग कानशीचे आणखी दोन हात मारलेच.

मला डिप्लोमा करायचा होता. बाबा आयटीतले, लोखंड घासणं त्यांना शिक्षण वाटायचंच नाही. फॉर्मवर सही करणार नाही, हे सांगायला ते शाळेत आले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझा परीक्षेतला तुकडा त्यांच्या हातात ठेवला.

अक्का जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते, आणि येते तेव्हा हाच क्षण समोर उभा राहतो. बाबांनी अंगठा फिरवला. उलटसुलट करून पुन्हा फिरवला.

“काहीच लागत नाही हो.”

“तेच केलंय तिनं,” अक्का म्हणाल्या.

बाबांनी तुकडा अलगद टेबलावर ठेवला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.